पाच दगडांचं वजन

“दगड जागा सोडत न्हाय, म्हणून त्येला देव म्हणायचं,” असं कस्तुराबाई एकदा म्हणाली होती.

म्हणाली ती नातीला. मे महिन्यात, शेतातल्या कडुलिंबाखाली. तिचा एकुलता एक लेक रणधीर बायको-पोरीला घेऊन जपानहून आठ दिवसांसाठी आला होता. सात वर्षांच्या हर्षालीनं लिंबाच्या बुंध्याशी मुळांमधल्या खोबणीत डोकावून विचारलं होतं, “आजी, हे नुसते स्टोन आहेत. देव कसे?” कस्तुराबाईनं उत्तर दिलं आणि खोबणीवरचं टोपलं पुन्हा उपडं घातलं. रणधीरला ते वाक्य इतकं आवडलं, की त्यानं मोबाइल पुढं धरून तिला ते परत म्हणायला लावलं. तिनं म्हटलं. लेकानं काही मागावं आणि ते आपल्याजवळ असावं, असं फार वर्षांत झालं नव्हतं.

खोबणीतले ते पाच दगड म्हणजे पांडव. या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. गावात त्या दिवशी कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभी करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, ओल्या दाण्यांची आणि भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे असा नैवेद्य दाखवतात, ‘ओलगे ओलगे, सालम पोलगे’ म्हणत आंबील उभ्या पिकावर शिंपडतात. बहुतेक लोक दरसाल बांधावरचे कुठलेही पाच दगड उचलतात, आणि त्यात काही चूक नाही. कस्तुराबाईच्या शेतात मात्र तेच पाच होते, ती सोनारीहून लग्न होऊन आली तेव्हापासून. बेलफळाएवढे, वर चुन्याच्या थरावर थर. त्यातल्या भीमाचा एका बाजूनं टवका उडालेला होता. तिच्या नवऱ्याच्या, नानासाहेबांच्या नांगराचा फाळ लागला होता त्याला. त्याच पावसाळ्यात विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून नानासाहेब गेले.

पांडव मांडायचे ते घरच्या कर्त्या पुरुषानं. नानासाहेबांच्या मागच्या पहिल्या येळवशीला धाकटा दीर आपणहून पुढं झाला, तेव्हा कस्तुराबाई त्याला म्हणाली, “भाऊजी, हाय की आमच्यात कर्ता पुरुष,” आणि नऊ वर्षांच्या रणधीरच्या हातात तिनं एकेक दगड दिला. पोराचे हात चुन्यानं भाजले. तो रडला नाही, म्हणून तिला बरं वाटलं.

त्याला गाव सोडायला लावलं तेही तिनंच. बार्शीच्या वसतिगृहातून तो दोनदा पळून आला. दोन्ही वेळा तिनं त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, भाकरी बाहेर दिली आणि त्याच पावली एसटीत बसवून दिलं. पुढं पुणे, इंजिनियरिंग, मग जपान. पुण्याला होता तोवर येळवशीला यायचा. जपानला गेला त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं कस्तुराबाई पांडव स्वतःच मांडत होती, आणि मांडताना मोठ्यानं म्हणत होती, “रणधीरच्या नावानं मांडते.” ऐकणारे ऐकायचे. भज्जी चांगली असायची.

मे महिन्यात निघताना तिनं त्यांना पिशवी भरून दिली होती. शेंगांची चटणी, कुरडया, तुरीची डाळ, पांढऱ्या ज्वारीचं पीठ. दिराचा मुलगा महारुद्र त्यांना जीपनं कुर्डुवाडी स्टेशनवर सोडून आला, आणि परतला तो तीच पिशवी हातात घेऊन.

“मोठी आई, वजन जास्त भरलं. वैनीकडं बॅग तोलायचा काटा होता. हे राहू दे म्हणले.”

“कशाचं भरलं रे? हितनं काय नेलं त्यांनी?”

“म्या काय इचारलं न्हाय.”

चटणी महारुद्रच्याच घरी गेली. त्याच्या आईनं, मथुराबाईनं, ती पावसाळाभर पुरवून खाल्ली आणि दर घासाला तारीफ केली.

दिवाळीत रणधीरचा फोन आला. “आई, यंदा येळवस तीस डिसेंबरला आहे. नेमकी आमच्या सुट्टीत! यंदा जोरात करायची.”

“करू की,” कस्तुराबाई म्हणाली. “मी तयारीला लागते.”

“लाग लाग. आम्ही पण लागतो.”

येता का, असं तिनं विचारलं नाही. घरच्या माणसाला येता का विचारायचं नसतं; ते पाहुण्याला विचारतात. ही रीत ती सोनारीहून घेऊन आली होती आणि तिनं ती कधी मोडली नव्हती. पुढच्या फोनवरही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तो म्हणायचा, तयारी चाललीय. ती म्हणायची, इकडंबी चाललीय. दोघंही खुशीत फोन ठेवायचे.

नातीला गार पाणी सोसत नाही म्हणून तिनं न्हाणीत गिझर बसवून घेतला. गुडघे धरले होते, तरी वाटणीनं शेत करणाऱ्या महारुद्रला घरबसल्या हुकूम सोडले: कोपी मोठी पाहिजे, मधली वाट साफ पाहिजे, कडब्याची पेंढी जुनी नको. भावकीतल्या चाळीस माणसांना जेवणाचं सांगितलं. सांगताना प्रत्येकाला एकच बोलली, “औंदा रणधीर सोता पांडव मांडणार हाय.”

मथुराबाईला राहवलं नाही. “आक्का, तिकीट काढलंय म्हणला का त्यो?”

“आपल्याच घरला यायला माणूस तिकीट दावत बसतं व्हय गं?”

“तसं न्हाय, इमानाचं हाय म्हणून म्हणलं. यष्टी असती तर उभ्यानं आला असता.”

“तुझ्या लेकाला कुर्डुवाडीच्या पल्याड काय दिसत न्हाय, म्हणून तुला इमानाची लई काळजी.”

मथुराबाई हसली. ती हसली की कस्तुराबाईला आत काहीतरी टोचायचं.

एकोणतीस तारखेला सकाळी तिनं महारुद्रला जीप घेऊन कुर्डुवाडीला धाडलं. मागच्या वेळी ज्या गाडीनं आले होते त्याच गाडीनं येतील, असा तिचा हिशेब. गाडी आली, गेली. कोणी उतरलं नाही. महारुद्रनं फलाटावरून फोन लावला. रणधीर हसायला लागला. “अरे, यायचं कुठं ठरलं होतं? आम्ही इथंच करतोय येळवस. उद्या व्हिडिओ कॉल करतो, आईला सरप्राइज आहे.”

दुपारी महारुद्र दारात येऊन उभा राहिला, चप्पल न काढता.

“उद्या फोन करणारेत,” एवढंच म्हणाला.

कस्तुराबाई वाल सोलत होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग हातातली शेंग पुरी सोलली, दाणे टोपल्यात टाकले आणि दुसरी शेंग घेतली. “चाळीस माणसं सांगितल्यात,” ती म्हणाली. “चिंच भिजू घाल म्हणावं तुझ्या आईला.”

दुसऱ्या दिवशी सगळे शेतात पोचले. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, थंडीनं पानं अजून ओली. कस्तुराबाई जूनपासून पहिल्यांदा शेतात आली होती. चुन्याचं मडकं घेऊन ती लिंबाखाली गेली आणि तिनं टोपलं उचललं.

खोबण रिकामी होती. तळाला पाच खळगे होते आणि त्यांत वाळकी पानं.

“पांडव कुठं गेले रे?”

महारुद्रनं वाकून पाहिलं. खोबणीत हात घालून चाचपलं. “कुणी नेले असतील, मोठी आई.”

“दगडं? दगडं कोण चोरतंय?”

“पोरांनी काढले असतील बोरं पाडायला. आता काय त्येचं? दुसरे पाच घेऊ की. दगडच लागत्यात न्हवं?” त्यानं बांधावरून पाच दगड वेचले, चुन्यात बुडवले आणि कोपीत नेऊन मांडले. पांडव दिराच्या घरच्या पुरुषानं मांडले. ज्या गोष्टीला तिनं वीस वर्षांहून जास्त वर्षं अडवून धरलं होतं, ती दोन मिनिटांत होऊन गेली आणि कोणाच्या ध्यानातही आली नाही. मथुराबाईच्या ध्यानात आली असावी. टोमणा मारायच्या ऐवजी तिनं नैवेद्याचं ताट कस्तुराबाईच्या हातात दिलं.

नैवेद्य दाखवून झाला आणि महारुद्रचा मोबाइल वाजला. त्यानं तो आंबिलीच्या मडक्याला, बिंदग्याला, टेकवून उभा केला. सगळे कोपीत दाटीवाटीनं वाकले. कस्तुराबाईला पुढं बसवलं.

पडद्यावर एक उजेडानं भरलेली खोली दिसत होती. कोपऱ्यात दिव्यांच्या माळा घातलेलं नाताळचं झाड, मागं काचेबाहेर बर्फ. रणधीर फेटा बांधून, खांद्यावर घोंगडीसारखं काहीतरी टाकून उभा. त्याच्याभोवती वीस-एक माणसं, निम्मी तिकडचीच, हसऱ्या चेहऱ्यांची.

“आई, दिसतंय ना? पंचवीसला नाताळ झाला, आज येळवस, परवा इथलं नवं वर्ष. सुट्टी नुसती भरगच्च!”

“आई, आंबील दह्याची केलीय, पण जमलीय बरं का,” सूनबाई, शिवांजली, मागून म्हणाली.

“आणि हे बघ सरप्राइज!” रणधीरनं मोबाइल खाली नेला. पुठ्ठ्याची आणि बांबूच्या काड्यांची छोटी कोपी. तिच्यात पाच दगड. पांढरेशुभ्र, चकचकीत, डोक्यावर सोनेरी कागदाचे मुकुट.

“आजी, डोळे मी काढले!” हर्षाली ओरडली.

“ओळखलंस का? मे महिन्यात आणले. विमानतळावर बॅग उघडायला लावली त्यांनी. म्हणाले, हे काय? म्हटलं, फॅमिली.” तिकडची माणसं हसली. त्यांना हे आधी सांगून झालं असावं.

इकडं कोपीत कोणी हसलं नाही. मथुराबाई हळूच म्हणाली, “चटणी काढून देव भरले गं, आक्का.”

कस्तुराबाई पडद्याजवळ सरकली. पाचही दगड तिनं डावीकडून उजवीकडं पाहिले, मग उजवीकडून डावीकडं.

“टवका कुठाय?”

“काय?”

“भीमाचा टवका.”

“अगं, तो भरून घेतला पुट्टीनं. आता कळतसुद्धा नाही. जुना चुना सगळा खरवडून काढला आधी, दोन रविवार गेले माझे. हा रंग पक्का आहे, आई, धुतला तरी जात नाही. दरसाल चुना लावायची कटकटच नको.”

रणधीरला तिचं गप्प होणं भरून आल्यासारखं वाटलं असणार, कारण त्याचा आवाज मऊ झाला. त्यानं मोबाइल कोपीच्या शेजारी नेला. तिथं एक पाटी होती, जाड कागदाची, तीन लिप्यांत लिहिलेली.

“तुझंच वाक्य आहे. जपानीत पण केलंय. इथल्या लोकांना इतकं आवडलं म्हणून सांगू! वाचू का? दगड जागा सोडत नाही, म्हणून त्याला देव म्हणायचं.”

तिकडं टाळ्या वाजल्या.

“आणि आई, पुढच्या हिवाळ्यात तूच ये इकडं. आता तिथं काय राहिलंय? महारुद्र बघतोय सगळं. देवसुद्धा इकडंच आलेत.” तो हसला. “बरं, आता सगळे थांबलेत. तू तिकडनं ओलगे म्हण, आम्ही इथं बाल्कनीत आंबील शिंपडतो. चल, आई. ओलगे ओलगे, सालम पोलगे... म्हण.”

वीस माणसं हातात कागदी पेले धरून पडद्यातून तिच्याकडं पाहत होती. कोपीच्या आतबाहेर दाटलेली चाळीस माणसं तिच्या पाठीकडं पाहत होती. महारुद्र बांधावरच्या पाच दगडांकडं पाहत होता. त्यांचा चुना अजून वाळला नव्हता.

“आई? आवाज येतोय ना?”

कस्तुराबाईनं गुडघ्यावर हात रेटला आणि ती उठली. आंबिलीचं बिंदगं तिनं उचललं नाही. पदर डोक्यावरून पुढं घेतला, वाकून कोपीच्या बाहेर पडली, आणि ज्वारीकडं न वळता गावाच्या वाटेला लागली.