किटलीतला सोडा

बीएस्सी होऊन बीडहून गावी परतलो तेव्हा अंगात भलताच रुबाब होता. दूध सोसायटीनं मला दूध तपासायला बसवलं. नमुन्यात औषधाचे थेंब टाकायचे. दूध गुलाबी झालं की त्यात सोडा आहे. दूध नासू नये म्हणून कुणी कुणी तो घालायचे. दुसऱ्यांदा सापडला की सभासदाचं नाव कमी.

त्या दुष्काळात शेजारच्या मावशीचं दूध गुलाबी झालं, तेही भर रांगेत. दोन गायींवरच तिचं घर तगून होतं. मी मात्र तोऱ्यात सोड्यातला, मिठातलाही, सोडियमचा अणू समजावत बसलो. शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, तोही दुसऱ्याच्या गळ्यात मारायला टपलेला!

"मिठात बी त्योच हाय म्हनं," मावशी म्हणाली. "मग मिठानं कावून गुलाबी होत न्हाई?"

रांग हसली. रंग सोडियममुळे नव्हे, त्याच्या जोडीच्या कार्बोनेटमुळे बदलतो, हे मला पाठ होतं. तरी मी भलतंच सांगत सुटलो होतो. लाज वाटली.

संध्याकाळी तिच्या गोठ्यात गेलो. माझ्याच काचेच्या ग्लासात तिनं गायीची धार काढली. मी थेंब टाकला, दूध गुलाबी काही होईना.

"मावशी, किटली कशानं घासता?"

"धुन्याच्या सोड्यानं. टँकर येतो चार दिसांनी, खंगाळाया पानी कुठून आनू? फडक्यानं पुसून घेते."

किटलीत वाटीभर पाणी फिरवलं आणि त्यात थेंब सोडला. गुलाबी! मी आनंदानं ओरडलोच. मावशी चोर नव्हती. दिवसभर छातीवर बसलेला धोंडा उतरला.

सकाळी चेअरमनसमोर सगळं पुन्हा करून दाखवलं. त्यांनी वहीतला तिच्या नावापुढचा शेरा खोडला. मावशीनं पदरानं तोंड पुसलं, डोळेही पुसले.

"आता समद्यांच्या किटल्या बघ," ती मला म्हणाली. "तुमच्या घरची पयली."

माझी आई रांगेतच उभी होती. तिच्या किटलीत पाणी फिरवलं, थेंब टाकला. रंग मावशीच्या किटलीपेक्षा गडद आला. इतके महिने आमच्या घरचं दूध मी एकदाही तपासलं नव्हतं.