जावेचा डॉलर आणि मुकं यंत्र

माझी मोठी जाऊ आर्डिस गेली साठ वर्षं गावाला सांगत आली आहे की तिचा चांदीचा डॉलर माझ्याकडे आहे. रागाने नाही सांगत. पाहुण्याच्या कपात कॉफी ओतता ओतता सांगते, साखर त्या बरणीत आहे म्हणावं तसं. "ही व्हर्ना, माझी जाऊ. माझा डॉलर हिच्याकडे आहे. केक घ्या ना."

गोष्ट एकसष्ट सालची. आमच्या चर्चच्या मागच्या मैदानावर दर ऑगस्टात सगळे जेवायला जमायचे आणि बायकांची लाटणं फेकायची शर्यत लागायची. आर्डिस तेव्हा नवी नवरी. तिने लाटणं असं भिरकावलं की ते कुंपणापलीकडे मक्यात गेलं आणि कापणीच्या वेळीच सापडलं. तिचा नवरा ऑरिन, म्हणजे माझा दीर, त्या दिवसापासून तिच्याशी जन्मभर जपून बोलला. बक्षीस म्हणून पास्टरनी तिला डॉलर दिला. १९२२ सालचा, एका अंगाला बाईचा मुखडा, दुसऱ्या अंगाला गरुड. आर्डिसने तो एप्रनच्या खिशात टाकला. संध्याकाळी खिसा रिकामा.

तो एप्रन तिच्या लग्नात मीच शिवून दिला होता. सगळ्यांनी खिसा उलटा करून पाहिला. कुठे भोक नाही. मी तोऱ्यात म्हणून गेले की माझी शिवण कधी उसवत नाही. तेव्हाच गप्प बसले असते, किंवा "हो बाई, टाका कच्चा पडला" म्हटलं असतं, तर प्रकरण मिटलं असतं. पण मी वीस वर्षांची, आणि शिवणाचा मला भारी गर्व. आर्डिस म्हणाली, शिवण पक्की आहे तर डॉलर गेला कुठे, आणि माझ्या शेजारी दिवसभर तुझ्याशिवाय बसलं कोण होतं. झालं. मी चोर ठरले.

पुढे आर्डिसने शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली. तीनशे पोरांचं जेवण रोज. गावातला आजचा कोणताही टकला बाप्या दाखवा, लहानपणी तो काय खायचा आणि काय टेबलाखाली टाकायचा हे ती सांगेल. दोघींचे नवरे गेले, पोरं पांगली, राहिलो आम्ही दोघी, मध्ये एक रस्ता आणि तो डॉलर.

या वर्षी एप्रिलात तिची लेक जोलीन ॲरिझोनाहून आली आणि ठरवून गेली की ऑक्टोबरात आई तिच्याकडे जाणार, कायमची. आर्डिसच्या दोन्ही गुडघ्यांत लोखंड, वय चौऱ्याऐंशी, बर्फात एकदा घसरून झालेली. वाद घालायला जागा नव्हती. जोलीनची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी आर्डिस मला म्हणाली, "जाण्याआधी मला माझा डॉलर पाहिजे. देतेस, की मी शोधू?"

मी म्हटलं, शोध.

ड्वेनचं दुकान तळ्याकाठी आहे. तिथे गांडुळं मिळतात, गळ मिळतात, बर्फ मिळतो आणि मागच्या भिंतीवर जमिनीतली नाणी शोधायचे डिटेक्टर टांगलेले असतात. ड्वेन स्वतः त्या नादातला. दर रविवारी कुठल्या ना कुठल्या जुन्या अंगणात तो ते यंत्र झुलवत फिरतो. आर्डिसने दीडशे डॉलर पाकिटात घालून नेले होते, आणि त्यावर एक सेंटही नाही असं मला दारातच बजावलं, जसं काही मीच विकत घेणार होते.

ड्वेनने आधी सातशेचं यंत्र काढलं. पडदा काय, आकडे काय, पाण्यात चालतं, हातभर खोल दिसतं. आर्डिस ऐकून घेत होती. मग म्हणाली, "ड्वेन, तू वाटाणे खिशात भरून बाहेर कबुतरांना टाकायचास. मी कधी तुझ्या आईला सांगितलं नाही. आता खरं सांग."

साठीचा माणूस कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "मिसेस आर्डिस, तुमच्या कामाला हे नको. चर्चच्या मैदानातला डॉलर फार तर वीतभर खाली असेल. खोल बघणाऱ्या यंत्राला उगाच पैसे का द्यायचे? तुम्ही हलकं यंत्र घ्या, हाताला झेपेल असं. तळाची थाळी भिजली तरी चालेल एवढं बघा. बाकी सगळं तुमच्या कानावर आहे."

साठ डॉलरचंही एक होतं, पण ते त्याने हातात घेऊ दिलं नाही. ते नातवंडांचं खेळणं, म्हणाला, खिळा आणि नाणं दोन्हीला एकच किंकाळी फोडतं. मध्ये उरली तीन, सगळी सव्वाशे-दीडशेच्या आतली. त्यांच्यातला फरक ड्वेन सांगत होता, पण आर्डिसची परीक्षा वेगळी. शाळेत नवा पळा आला की आधी तो रिकाम्या पातेल्यात वीस मिनिटं ढवळून बघायची, मनगट दुखलं तर परत. तसं तिने एकेक यंत्र घेऊन गांडुळांच्या डब्यांपुढे झुलवलं. वीस मिनिटं घड्याळ लावून. गिऱ्हाइकं येत होती, वाकून जात होती. पहिल्याचा भार सगळा पुढे, दुसऱ्याची मूठ मोठी. तिसरं दोन बटणांचं साधं यंत्र होतं, पडदाबिडदा नाही, ते झुलवताना ती सूप ढवळताना गुणगुणायची तशी गुणगुणायला लागली. तेच घेतलं. कानाला लावायची बोंडं ड्वेनने फुकट दिली, वाटाण्यांच्या नावाने.

पास्टरची परवानगी लगेच मिळाली. अट एकच, खणलेलं परत बुजवायचं. काम आम्ही वाटून घेतलं. आर्डिस उभी राहून झुलवणार, मी वाकून खणणार. मी म्हटलं, हे बरं आहे, चोरानेच खणायचं. ती म्हणाली, चोराला जागा ठाऊक असते.

आणि यंत्र बोलेचना.

एक आठवडा, दोन आठवडे, तीन आठवडे. मैदानाचा निम्मा भाग आम्ही पालथा घातला. एकदाच टिंग वाजलं. तो पाव डॉलर गवतावरच पडला होता, तो मला चष्म्याशिवायही दिसत होता. पण आर्डिसचा विश्वास काही ढळला नाही. उलट तिसऱ्या रविवारी चर्चमधल्या कॉफीच्या वेळी तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "निम्मं मैदान झालं. यंत्र खोटं बोलत नाही. डॉलर जमिनीत नाही. मग कुठे असेल ते तुम्हीच समजा." लोक हसले. मीही हसले. पण घरी येताना काही बरं वाटेना. साठ वर्षं तो नुसता शब्द होता, आता त्याला साक्षीदार मिळाला होता. आणि ऑक्टोबरात ती निघून गेली की उलटं बोलायलाही कोणी उरणार नव्हतं, मी आपली जन्माची चोर.

म्हणून मंगळवारी यंत्र काखोटीला मारून मी एकटीच ड्वेनकडे गेले. म्हटलं, तुझं यंत्र मुकं आहे. त्याने बटणं बघितली, मग माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीवर बसला.

बटणं दोन. एकावर लिहिलेलं डिस्क, दुसऱ्यावर सेन्स. आर्डिसने ती पहिल्याच दिवशी मला समजावून सांगितली होती आणि मला ती अगदी पटली होती. डिस्क म्हणजे चकती. डॉलर ही मोठी चकतीच. म्हणून ते बटण शेवटपर्यंत फिरवायचं. आणि सेन्स म्हणजे सेंट, कंपनीने अक्षर चुकवलंय, एवढं तर आम्हालाही कळतं. सेंटांची चिल्लर कोणाला हवीय, म्हणून ते बटण तळाशी.

ड्वेनने डोळे पुसत सांगितलं की डिस्क म्हणजे डिस्क्रिमिनेशन, वगळणं. ते बटण जितकं वर, तितकं यंत्र मालाला नकार देतं: आधी खिळे, मग पेयांचे डबे ओढून उघडायच्या कड्या, मग पाच सेंटची नाणी, पुढे पुढे जवळजवळ सगळंच. आणि सेन्स म्हणजे सेन्सिटिव्हिटी, त्याचा कान. "तुम्ही त्याला सांगितलंय, काही आवडून घेऊ नकोस. वर कानात बोळे घातलेत. मिसेस व्हर्ना, या जिल्ह्यात इतकं शहाणं यंत्र दुसरं नसेल."

मग तो जरा गंभीर झाला. म्हणाला, आता डिस्क खाली आणा, पण मग ते कड्यांनाही वाजेल, आणि त्या मैदानात कड्या शेकड्यांनी असणार. उन्हाळा पुरायचा नाही.

मी हिशेब केला. माझे गुडघे, तिचे गुडघे, उरलेला उन्हाळा. मग ड्वेनला विचारलं, बावीस सालचा चांदीचा डॉलर कुठे मिळेल. त्याने खण उघडला. म्हणाला, बावीसचे हवे तेवढे, त्या साली ते ढिगाने पाडलेत. त्याने विचारलं नाही कशाला, मी सांगितलं नाही. पैसे ठेवले आणि निघाले.

रविवारी प्रार्थनेला अर्धा तास आधी गेले. ओकच्या झाडाखाली, जिथे आमचं टेबल असायचं तिथे, हिरवळीचा चौकोन तीन बाजूंनी कापला, झाकण उचलावं तसा उचलला, हातभर नाही पण वीतभर खाली डॉलर ठेवला, माती दाबली, झाकण बसवलं. पुरताना मनात वाईट काही नव्हतं. तिला डॉलर मिळेल, मला नाव मिळेल, देवाच्या अंगणात एवढी लबाडी चालत असेल.

पुढच्या मंगळवारी ड्वेनने बटणांचं सांगितलेलं आर्डिसच्या कानावर घातलं, बटणं उलटी फिरवली आणि मैदान बोलायला लागलं. खिळे, बाटल्यांची बुचं, चर्चचाच एक काटा, आणि कड्या. कड्यांनी आइसक्रीमची बादली भरली. या मैदानावर कधी बिअर आली नाही असं पास्टर नेहमी सांगतात. बादली दाखवली तर म्हणाले, सरबताच्या असतील. आर्डिसने मान डोलवली आणि म्हणाली, ऑरिनला ते सरबत फार आवडायचं.

मी खणत होते आणि तिला हळूहळू ओककडे सरकवत होते. एकदम न्यायला नको म्हणून चार दिवस घेतले. शुक्रवारी तिथे यंत्र असं स्वच्छ वाजलं की मलाच दचकायला झालं. मी गुडघ्यावर बसले, खणायचं नाटक केलं, डॉलर काढून तिच्या तळव्यावर ठेवला.

आर्डिसने तो बोटाने पुसला. साल वाचलं. गरुड पाहिला. मग डॉलरकडे बघायचं सोडून खड्ड्याकडे बघत राहिली. मी उचललेलं हिरवळीचं झाकण तिने काठीने उलटवलं.

"व्हर्ना," ती म्हणाली, "चर्चच्या जेवणाला तू वड्या आणतेस, तशा सरळ कडेच्या वड्या या गावात दुसरं कोणी पाडत नाही."

झाकणाच्या तिन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या होत्या. कोपरे नव्वद अंशात. एकतीस वर्षं स्वयंपाकघरात काढलेल्या बाईसमोर मी वडी पाडून ठेवली होती.

मी सांगायला लागले, ड्वेनकडून आणला, गेल्या आठवड्यात आणला. ती ऐकून घेत होती, ड्वेनच्या दुकानात ऐकलं होतं तसंच. मग म्हणाली, हो, पकडलेला चोर नेहमी दुकानातूनच आणला म्हणतो. मला रडू आलं का हसू ते सांगता येणार नाही. साठ वर्षांत जे म्हणाले नव्हते ते म्हणून टाकलं. "आर्डिस, शिवणच कच्ची असेल गं. एखादा टाका सुटला असेल."

तिने डॉलर मुठीत घेतला. "नाही," ती म्हणाली, "तुझी शिवण पक्कीच होती. म्हणून तर तू चोर."

ऑगस्टच्या जेवणात तिने डॉलर सगळ्यांना फिरवून दाखवला. म्हणाली, व्हर्नाने परत केला, थोडा उशीर झाला, पण केला. मी ड्वेनला साक्षीला बोलावलं. बटाट्याच्या गोळ्यांनी गच्च भरलेली ताटली त्याच्या पुढ्यात होती, आर्डिसच्या हातची. तो म्हणाला, मी कोणाला काही विकल्याचं आठवत नाही.

जायच्या आदल्या दिवशी ती रस्ता ओलांडून आली. एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात तो जुना एप्रन. डॉलर खिशात घालून तोंड शिवून दे म्हणाली, दुहेरी टाक्याने. मी शिवून दिला. यंत्र माझ्या खुर्चीला टेकवून ठेवलं. डिस्कचं बटण तिने शून्यावर आणून चिकटपट्टीने बांधून टाकलं होतं, मी पुन्हा शहाणपणा करू नये म्हणून. "खरा सापडला की दोन होतील," ती म्हणाली, "मग तुझं नाव मोकळं. तोवर आहेसच."

तेव्हापासून मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. झुलवायचं मी, खणायचंही मी. आर्डिस रविवारी फोन करते, तिकडे कसं ऊन आहे ते सांगते, जोलीन मिठाशिवाय स्वयंपाक करते ते सांगते, मग विचारते, कबूल करतेस का.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कुंपणाजवळ, जिथून तिने लाटणं फेकलं होतं तिथे, यंत्र वाजलं. कडीचा आवाज मी आता झोपेतही ओळखते. हा तसा नव्हता. पण जमीन गोठली होती, फावडं टणकन उलटं आलं. मी तिथे टोमॅटोची काठी रोवून लाल लोकर बांधून आले आहे. आर्डिसला सांगितलं तर म्हणाली, "तिथे आधी कोणी वडी पाडलीय का बघ."

एप्रिलात बर्फ उतरेल. ती म्हणतेय, खणताना फोन चालू ठेव.