एक ओळ खाली

ऑफिसात त्याला सगळे काका म्हणायचे. वय अवघं अठ्ठेचाळीस, पण खुर्चीत टेकताना तोंडातून असा काही "हुश्श" निघायचा, की दुसरं नाव शोभलंच नसतं. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला लिफ्टवालासुद्धा "काय काका, कुठला मजला?" म्हणायचा. काका आधी चिडायचा. मग चिडायचाही कंटाळा आला.

त्याचं काम सांगायला सोपं, करायला वैतागवाणं. कंपनीचे एकशे अडुसष्ट सर्व्हर चार ठिकाणी ठेवलेले. प्रत्येक सर्व्हरला पोर्ट असतात, म्हणजे दारंच म्हणा ना, हजारोंनी. कामापुरती दोन-चार उघडी ठेवायची, बाकीची बंद. एखादं चुकून उघडं राहिलं तर कोण कुठला उपटसुंभ आत शिरेल याचा नेम नाही. म्हणून काका रोज सकाळी बसल्या जागेवरून एकेक सर्व्हर ठोठावून बघायचा आणि तक्त्यात लिहायचा: उघडं, बंद, बंद, उघडं. अकरा वर्षं हाच धंदा.

"हे हाताने कसलं करत बसता?" नव्या मॅडम म्हणाल्या. "स्क्रिप्ट लिहा, छोटासा प्रोग्रॅम. तिला बसू दे ठोठावत."

"लिहितो."

"सोमवारी देतो म्हणाला होतात."

"कुठल्या सोमवारी, ते कुठे म्हणालो होतो?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांचंही बरोबर होतं. स्क्रिप्ट लिहिणं काकाच्या डाव्या हातचा मळ, पण डावा हात उचलायचंही त्राण उरलं नव्हतं त्याला, हे मॅडमना कोण सांगणार?

घरी दादा होते. दादा म्हणजे त्याचे वडील, वय एकोणऐंशी. उभं आयुष्य वर्कशॉपात लेथवर काढलं. जिभेला हाड नव्हतं. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत यांचं उत्तर तयार. दीड वर्षापूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं आणि जीभही गेल्यासारखीच झाली. काही विचारलं तर नुसते बघत राहायचे. मध्येच भलतंच काहीतरी बोलायचे. दिवसा सांभाळायला एक मावशी यायच्या, त्या सहाच्या ठोक्याला निघायच्या. मग काका. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, रात्री दोनदा उठणं. लग्न राहूनच गेलेलं, त्यामुळे पाळी घ्यायला दुसरं कोणी नाही. थोरली ताई दूरच्या शहरात, फोनवरून सल्ले द्यायला मोकळी.

"ताई, माझा जीव मेटाकुटीला आलाय गं," एकदा दादांच्या पलंगाशी उभा राहूनच तो फोनवर म्हणाला होता. "यांच्यात काही उरलेलं नाही. नुसता श्वास चाललाय."

"मग वृद्धांच्या केंद्रात ठेव," ताई म्हणाली. "तू मरशील अशाने."

केंद्रात दोन विभाग होते. ज्यांना समज आहे त्यांचा मोकळा, बागेकडे उघडणारा. ज्यांना नाही त्यांचा बाहेरून कडी लावलेला. कुणाला कुठे घालायचं ते ठरवायला बुधवारी केंद्रातल्या बाई घरी आल्या. चष्मा सावरत, छापील कागदावरचे आठ प्रश्न त्यांनी दादांना विचारले. स्वभावाने चांगल्या होत्या बिचाऱ्या, पण त्यांना दिवसात अशी सहा घरं करायची होती. उत्तर आलं नाही तर जरा थांबून पुढचा प्रश्न. शेवटी त्यांनी खाली लिहिलं: समज नाही, बंद विभाग. शनिवारी न्यायचं. शुक्रवारपर्यंत काकाने सही करून कागद द्यायचा.

कागद बॅगेत टाकून गुरुवारी काका ऑफिसला गेला. त्या दिवशी मात्र त्याने स्क्रिप्ट लिहून टाकली. कारण लाजिरवाणं होतं: शनिवारपासून झोप मिळणार या नुसत्या कल्पनेनेच अंगात जरा जीव आला होता.

स्क्रिप्ट छोटीशी होती. यादीतल्या पहिल्या सर्व्हरला विचार, तीन सेकंद थांब, उत्तर आलं तर लिही, नाही आलं तर 'उत्तर नाही' लिही आणि पुढच्याकडे जा. अकरा वर्षांचं काम नऊ मिनिटांत उरकलं. काकाला बरंही वाटलं आणि थोडं वाईटही.

दुपारी बोंबाबोंब झाली. मॅडम तक्ता घेऊन आल्या. "काका, हा पगाराचा सर्व्हर सताड उघडा आहे म्हणे! मी बंद करायला लावला. आता तिथले लोक म्हणतात, त्याचं एकही जास्तीचं दार उघडं नव्हतं. उगाच काम अडलं त्यांचं!"

"बघतो," काका म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

बघायला तासभर लागला. चौथं ठिकाण फार लांब होतं, तिथली लाइन रडतखडत चालायची. तिथल्या चाळीस सर्व्हरना ऑफिसात कुंभकर्ण म्हणत. त्यांची उत्तरं यायला चार-पाच सेकंद लागत. काकाची स्क्रिप्ट तीन सेकंदांत पुढे निघून जायची. मग मागच्याचं उत्तर यायचं, आणि ती शहाणी ते पुढच्याच्या नावावर लिहून मोकळी व्हायची. पहिल्यापुढे 'उत्तर नाही'. दुसऱ्यापुढे पहिल्याचं उत्तर. तिसऱ्यापुढे दुसऱ्याचं. चाळीसच्या चाळीस उत्तरं खरी होती, फक्त एकेक ओळ खाली सरकली होती. आणि शेवटच्याचं उत्तर? ते आलं तेव्हा ऐकायला स्क्रिप्ट जागेवर नव्हतीच.

"हात्तिच्या!" काका म्हणाला. "कुंभकर्ण बिचारे बरोबर बोलत होते. गाढव मीच."

त्याने तीन सेकंदांचे तीस केले आणि प्रत्येक प्रश्नाला नंबर दिला. उत्तराने तोच नंबर परत आणायचा, म्हणजे घोळ नको. पुन्हा चालवली. स्क्रिप्ट सावकाश ठोठावू लागली. रिकामं बसायचं म्हणून त्याने सही उरकायला बॅगेतला कागद काढला. पेनाचं टोपण उघडलं आणि तिथेच थांबला.

नाव काय? उत्तर नाही.
आज वार कोणता? स्वतःचं नाव सांगतात.
हे शेजारी उभे आहेत ते कोण? "बुधवार."
काम काय करत होतात? "मुलगा."
पेल्यात काय आहे? "लेथ."
मुलं किती? "पाणी."
शंभरातून सात गेले की किती? "दोन."
कुठे राहायला आवडेल? "त्र्याण्णव."

त्या 'त्र्याण्णव'ला बाई हसल्या होत्या. काकाही हसला होता. दादांच्या तोंडावर.

त्याने बोट ठेवून प्रत्येक उत्तर एक ओळ वर नेलं. एकदा नेलं, पुन्हा नेलं. मग कागदाची घडी केली, मॅडमपाशी गेला आणि म्हणाला, "मी घरी जातो."

"अहो, आणि स्क्रिप्ट?"

"चाललीय ती. हात लावू नका, वेळ घेते."

घरी पोचला तेव्हा पाच वाजले होते. मावशींनी कपाळाला आठ्या घातल्या, "आज लवकर? मग मी निघू का?" म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता चपला घातल्या. या घरात दीड वर्ष हेच चाललं होतं, काकाच्या मनात आलं. विचारायचं आणि निघून जायचं.

तो स्टूल ओढून दादांसमोर बसला. दादांनी नजर वळवली. दाढीचे खुंट वाढले होते, बंडीवर दुपारच्या भाताचं शीत तसंच होतं. त्याने ते काढलं.

"दादा, बाईंनी शेवटचं काय विचारलं होतं? कुठे राहायला आवडेल?"

काही नाही. दादा बघत राहिले. काकाला लगेच पुढचं काहीतरी बोलावंसं वाटलं, पाणी हवंय का, उशी नीट करू का. त्याने दात आवळून धरले. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. घड्याळाचा सेकंदकाटा अर्धा फेरा फिरला असेल. दादांचा ओठ हलला.

"इथेच."

डोळे पुसत काका उठणार, एवढ्यात त्याला दिसलं की ओठ अजून हलतोय. दादांचं संपलं नव्हतं. तो पुन्हा बसला.

"पण तू," दादा म्हणाले, आणि किती तरी वेळाने पुढचं आलं, "मेटाकुटीला आलायस."

शब्द त्याचाच होता. याच पलंगाशी उभं राहून वापरलेला. म्हणजे दादांनी तो ऐकला होता, त्यानंतरचं 'काही उरलेलं नाही'ही ऐकलं होतं, आणि दीड वर्षात या खोलीत जे जे बोललं गेलं ते सगळंच ऐकलं होतं. काकाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. नाही म्हणावं तर खोटं. हो म्हणावं तर कुठल्या तोंडाने? तोंड उघडून तो तसाच बसला. अर्धं मिनिट गेलं, मिनिट गेलं. दादांनी दुसरं काही विचारलं नाही, नजरही हटवली नाही.

"आलोय, दादा," शेवटी तो म्हणाला. "पण तुम्ही कुठेही जायचं नाही."

आणि यावर ते काय म्हणतात, ते ऐकायला स्टुलावरच बसून राहिला.