तीन पिंपं आणि बिशप

"माझ्या तळघरात साक्षात देव आला तरी त्यानं बूट काढून यावं आणि पिंपाला टेकू नये," असं थर्झा गार्बट एकदा पाद्रीबाबांना म्हणाली होती.

पाद्रीबाबा बिचारे तळघराला आशीर्वाद द्यायला आले होते. ओढ्याचं पाणी आत शिरून नुकतंच ओसरलं होतं. त्यांनी मुकाट्यानं बूट काढले. एका मोज्याला भोक होतं, अंगठा बाहेर डोकावत होता. थर्झानं तो नीट निरखला आणि म्हणाली, "चालेल. अंगठ्याचा आवाज होत नाही."

'लंगडा कोल्हा' हा तिचा पब दरीच्या वरच्या टोकाला. तिथं रस्ता संपतो आणि माळ सुरू होतो. माळावर हेदरची झुडपं, मेंढरं आणि वारा. तिघांनाही कुणी बोलावलेलं नसतं.

बिअर पिंपात जिवंत असते. गुरुवारी गाडीवरून पिंपं उतरतात तेव्हा ती चिडलेली असतात, आतून ढवळलेली असतात. त्यांना घडवंचीवर आडवं निजवायचं, वरच्या भोकातल्या खुंटीतून श्वास घेऊ द्यायचा, आणि दोन दिवस आसपास कुणी खोकायचंसुद्धा नाही. मग गाळ पोटाशी बसतो आणि बिअर तुरटी फिरवलेल्या पाण्यासारखी निवळते. मध्येच धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून.

थर्झाचं सगळं आयुष्य या दोन दिवसांवर बेतलेलं होतं. लग्न होऊन ती इथं आली तेव्हा सासऱ्यानं तिच्या हातात किल्ल्या दिल्या नाहीत, लोकरीच्या सपाता दिल्या. तळघरात ती कधी दुसरं काही घालून उतरली नाही. माणसांची पारख ती चालण्यावरून करायची. जोनस मेड हा मेंढपाळ, आणि सवडीनं गावची थडगी खणणारा. त्याचं पाऊल जड. म्हणून गुरुवारपासून शनिवारपर्यंत त्याला बाहेरच्या बाकावर बसून प्यावं लागे, मग बर्फ पडो की गारा. नवरा विल्फ्रेड वारला तो बुधवारी. थर्झानं त्याला रविवारी पुरला. "सहा माणसं पेटी खांद्यावर घेऊन धाडधाड जिना उतरणार, तेही ऐन गुरुवारी," ती म्हणाली. "विल्फला स्वतःलाच ते आवडलं नसतं." दरीत सगळ्यांना ते पटलं. विल्फलाही पटलं असावं, त्यानं काही तक्रार केली नाही.

त्र्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात ब्रुअरीचं पत्र आलं. लाकडी पिंपं बंद करायची होती. त्याऐवजी वायू भरलेले लोखंडी डबे. डबा आपटा, आदळा, डोंगरावरून गडगडत सोडा, आतल्या बिअरला काही होत नाही, असं त्यांनी अभिमानानं लिहिलं होतं.

"होईल कसं?" थर्झा म्हणाली. "मढ्याला धक्क्याची काय भीती?"

हेच तिनं उत्तरात लिहिलं. आणखी चार शब्दही लिहिले, ते पोस्टमननं वाचून दरीभर सांगितले. उलट टपाली कळलं की ब्रुअरीचे मिस्टर लँगस्टाफ शनिवारी, मेंढपाळांच्या मेळ्याच्या दिवशी, स्वतः येऊन बिअर बघतील. काचेसारखी असली तर पिंपं राहतील. गढूळ असली तर सोमवारी डबे.

गुरुवारी तीन पिंपं आली. थर्झानं त्यांना निजवलं, तोट्या बसवल्या, खुंट्या सैल केल्या. शुक्रवारी सकाळी तळघराला हवा लागावी म्हणून तिनं रस्त्याकडची झाकणं उघडली. पिंपं खाली सोडायची घसरण तिथूनच आत उतरते.

आणि तिथूनच बिशप आत उतरला.

बिशप म्हणजे एमॉस डाउसनचा मेंढा. एमॉस चॅपलचा, म्हणजे चर्चपासून फुटलेल्या साध्या पंथाचा माणूस. चर्चवाल्यांना बिशप असतो, चॅपलवाल्यांना नसतो, म्हणून मेंढ्याचं नाव बिशप. दरीत याला विनोद म्हणतात. बाराव्या वर्षी एमॉसनं दारूला न शिवण्याची शपथ घेतली होती, आणि साठी आली तरी 'लंगड्या कोल्ह्या'वरून जाताना तो रस्ता सोडून पलीकडच्या गटारातून चालायचा. त्या सकाळीही तो गटारात होता. बिशपनं कुठलीच शपथ घेतलेली नव्हती. तो अलीकडच्या कडेनं, पबच्या भिंतीला लोकर घाशीत चालला होता. उघडं भोक दिसलं, आत गारवा होता, अंधार होता. घसरणीवरून तो बसल्या बसल्या खाली आला, घडवंचीखाली डोकं खुपसलं आणि वळलेली शिंगं तिच्या मागच्या मधल्या पायात अडकवून घेतली.

थर्झा जिन्यानं धावत आली. जिन्याकडून फक्त तोट्यांपर्यंत पोचता येतं, पलीकडे पिंपं आडवी. पिंपांखालून बिशपचं काळं तोंड तिच्याकडे बघत होतं. मधलं पिंप म्हणालं, गुडुक.

"हलू नकोस," थर्झा म्हणाली. बिशप हलला नाही. "शहाणा आहेस."

वरून, उजेडातून आवाज आला, "थर्झा! माझा मेंढा आलाय का गं तुझ्याकडे?"

"हळू बोल!"

"काय?"

"हळू बोल रे बैला, पिंपं निजलीत!"

पबच्या दारातून आत येणं एमॉसला शक्य नव्हतं. शपथ शपथ असते. म्हणून तोही घसरणीवरून, टोपी छातीशी धरून, मेंढ्यासारखाच बसून खाली आला. तो उतरला शेपटीकडे, थर्झा तोंडाकडे. मध्ये तीन पिंपं. बोलणं झालं ते पिंपांच्या वरून.

"शिंग जरासं फिरवलं की सुटेल," एमॉस म्हणाला आणि त्यानं शिंग धरलं.

गुडुक.

"हात काढ! हात काढ म्हणते ना! उद्या दुपारपर्यंत त्याला शिवायचं नाही."

"उद्या दहाला मेळ्यात मेंढ्यांची स्पर्धा आहे. नंबर आहे त्याचा."

"मग शिंग काप."

"शिंग? शिंग गेल्यावर राहतं काय? गादी! त्यापेक्षा तूच घडवंचीचा पाय काप. मागचा एक पाय, पाच मिनिटांचं काम."

"करवत लावली की पिंपं थरथरणार. थरथरली की गढूळ. गढूळ झाली की डबे."

"बिअर गढूळ झाली तर जगाचं काय बिघडतं गं?"

"तुझा मेंढा हरला तर जगाचं काय बिघडतं?"

जगाचं कशानंच काही बिघडत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. ते बोलून दाखवण्याइतकी त्यांची ओळख नव्हती.

मग एमॉसनं टोपी हातात फिरवली. "हा म्हातारा झालाय," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी याचे दात नसतील. पाच वेळा कप आणला त्यानं. हा सहावा आणि शेवटचा."

"माझी पिंपंही शेवटचीच," थर्झा म्हणाली.

एमॉसनं शेपटीकडे पाहिलं. "मी गटारात होतो," तो म्हणाला. "रस्त्यानं सरळ चाललो असतो तर तो माझ्या हाताशी राहिला असता. चूक माझी आहे." चॅपलच्या माणसाला एकदा स्वतःची चूक दिसली की त्याला तिच्यातून कुणी बाहेर काढू शकत नाही. त्यानं कोपऱ्यातली बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला. उद्या दुपारपर्यंत.

शांतता झाली की बिशप अस्वस्थ व्हायचा. म्हणून एमॉस भजनं म्हणू लागला.

"खालच्या सुरात नको!" थर्झा जिन्यावरून फिस्कारली. "पिंप घुमतं!"

तेव्हापासून तो नाकातून, डासासारखा गाऊ लागला. बिशप शांत झाला. "बघ," एमॉस शेपटीला म्हणाला, "भक्ती जनावरालाही कळते." थर्झाला पलीकडून दिसत होतं की मधल्या पिंपाची तोटी जरा पाझरत होती, थेंब बरोबर बिशपच्या नाकावर पडत होते, आणि तो प्रत्येक थेंब जिभेनं उचलत होता. तिनं तोटी घट्ट केली नाही आणि एमॉसला सांगितलंही नाही.

दुपारपर्यंत भजनं संपली. मग त्यानं खिशातल्या कागदावरचे मेंढीबाजाराचे भाव वाचून दाखवले. तेही संपले. भिंतीवर ब्रुअरीचं जुनं पुस्तक खिळ्याला लटकत होतं, 'तळघराची निगा'. त्यानं ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. बिशपला आवडलं. संध्याकाळी थर्झा त्याच्यासाठी पाव, चीज आणि चहा घेऊन आली आणि ताट पिंपांवरून पुढं केलं, तर एमॉस म्हणाला, "तिसऱ्याची खुंटी घट्ट आहे. गुदमरतंय ते."

"चाळीस वर्षं मी—"

"पान सतरा."

थर्झानं वाकून खुंटीला कान लावला. गुदमरत होतं. तिनं खुंटी केसभर सैल केली. पिंपानं सुस्कारा सोडला. ती वर गेली, आणि थोड्या वेळानं तिनं चहात आणखी साखर घालून पाठवली. म्हणजे स्वतःच घेऊन आली, पण चेहरा दुसऱ्या कुणी पाठवल्यासारखा होता.

शनिवारी दरीत धुकं इतकं दाट होतं की मेंढरं आवाजावरून मोजावी लागली. दहाचे ठोके पडले तेव्हा एमॉसनं टोपी काढली. "झालं," तो शेपटीला म्हणाला. "जाऊ दे."

साडेअकराला पब उघडला. स्पर्धेत मेंढा नसलेले, म्हणून थेट इकडेच वळलेले चाळीस मेंढपाळ दारात आले आणि चाळिसांचेही बूट थर्झानं बाहेर ठेवायला लावले. खोलीत ओल्या मोज्यांचा असा वास भरला की खिडकीतलं मांजर उठून गेलं. त्यातच मिस्टर लँगस्टाफ आले. बारीक मिशा, चामडी पिशवी.

"मिसेस गार्बट, तुमचं पत्र मी कार्यालयात सगळ्यांना—"

"बूट," थर्झा म्हणाली.

त्यांनी बूट काढले. तिनं खाली जाऊन जगमध्ये ग्लासभर बिअर आणली आणि ती ग्लासात ओतून त्यांच्यापुढं ठेवली. लँगस्टाफनी तो खिडकीशी धरला, ग्लासामागं वर्तमानपत्र धरलं आणि बिअरमधून मोठ्यानं वाचलं, "नॉर्थॅलर्टन. विधवेची गाय हरवली." चाळीस मेंढपाळांनी कुजबुजत जयजयकार केला.

"स्वच्छ आहे," लँगस्टाफ म्हणाले. त्यांनी घोट घेतला, मिशा पुसल्या आणि पुन्हा एक घोट घेतला, जो कामाचा नव्हता. "पण बाई, पहिला ग्लास कुणाचाही चांगला निघतो. अडीचला पब बंद होईपर्यंत मी इथं बसणार. शेवटचाही असाच निघाला तर पिंपं तुमची, कागदावर लिहून देतो."

"बसा की साहेब. शेवटचा पहिल्याहून देखणा असतो."

तिचा चेहरा चाळीस वर्षांत कुणी पाहिला नव्हता इतका सुखाचा दिसत होता. तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून जोनसनं खिडकीत डोकं घातलं.

"ऐकलंत का? परीक्षकाची गाडी धुक्यात माळावर अडकली होती, आत्ता पोचलाय. अजून एकही मेंढा पाहिलेला नाही त्यानं! साडेबाराला सुरू करतायत!"

घड्याळात बारा वाजून आठ मिनिटं झाली होती. मैदान दहा मिनिटांवर. खाली तळघरात कोण अडकलंय हे साहेब सोडून सगळ्या दरीला ठाऊक होतं. खोलीतले सगळे एकदम आपापल्या मोज्यांकडे बघू लागले.

थर्झानं जग उचलला आणि ती खाली गेली. जोनसचा आवाज घसरणीवरून तळघरात पोचला असणारच. तो भिंतीआडही पोचतो. तिनं तोटीला हात लावला आणि थांबली. पिंपांपलीकडे एमॉस अगदी हळू बोलत होता.

"ऐकू नकोस रे, बिशप. ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत."

मग त्याला तिची चाहूल लागली. तो खाकरला. खाकरतानाही पिंपांची काळजी घेतली.

"थर्झा, आलीस का? पहिल्यातूनच काढ हं. तिसऱ्याला अजून वीस मिनिटं पडू दे. साहेब काय म्हणाले?"

"स्वच्छ आहे म्हणाले."

"असणारच," एमॉस म्हणाला. "आपण काय कमी जपलीत!"

थर्झा वर आली तेव्हा जग रिकामाच होता. तिनं तो लँगस्टाफ साहेबांच्या ग्लासाशेजारी ठेवला. चाळीस जणांनी ग्लास पुढं केले. ती त्यांच्यामधून मागच्या बोळात गेली आणि आली तेव्हा तिच्या हातात करवत होती.

"अगं ए!" कुणीतरी ओरडलं. कुजबुजायचं आता कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. "आधी बिअर जगमध्ये तरी काढून घे! बादल्या आणतो आम्ही! थर्झा, माणसं आहोत गं आम्ही, सकाळपासून कोरडे आहोत!"

"काय झालं?" लँगस्टाफ उठून उभे राहिले. "बाई कुठं निघाल्या?"

"तुमची बिअर गढूळ करायला, साहेब," जोनस खिडकीतून म्हणाला.

लँगस्टाफनी ग्लासाकडे पाहिलं, करवतीकडे पाहिलं, आणि बसावं की उभं राहावं हे न ठरल्यामुळे मधेच वाकून राहिले. मेंढपाळ सरकले, मोज्यांच्या दोन रांगा झाल्या. त्या रांगांमधून थर्झा दाराबाहेर पडली आणि रस्त्याकडच्या घसरणीकडे वळली.