लाल गाडीतली दुसरी सीट

कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपात चहाची सुट्टी दहा मिनिटांची, आणि विकासच्या गाडीवर बोलायला ती कधीच पुरलेली नाही. एक किस्सा संपेपर्यंत दुसरा तयार! निम्मे तर आता तो स्वतःच नाकबूल करतो, म्हणून ते सांगायची जबाबदारी माझ्यावर आली आहे.

विकास माझ्या शेजारच्या लेथवर काम करतो. वय चौतीस, आणि लग्न काही ठरत नव्हतं. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, की मुलीकडची माणसं आधी गाडी बघतात. मी म्हटलं, "माझ्यासारखी छोटी पांढरी घे. पाच माणसं बसतात, पेट्रोल नुसतं हुंगते."

त्यानं पुण्याहून सेकंडहँड स्पोर्ट्स कार आणली. लालभडक, दोन सीटची! वर मलाच म्हणाला, "तुझी गाडी लगीन झालेल्यांची रं. माझी व्हायचं हाय त्यांची!"

*

पूजा झाल्यावर त्यानं पहिल्यांदा आईला बसवलं. गाडी इतकी बुटकी, की आई बसायला लागली ती खाली खाली जातच राहिली. गल्लीतून चक्कर झाली, पण उतरता येईना. शेवटी एका हाताला मी, दुसऱ्या हाताला विकास, असं करून बाहेर काढलं.

आई गुडघे चोळत म्हणाली, "भुईवरच बसायचं हुतं, तर घरात काय वाईट हुतं?"

*

एकदा आम्ही दोघांनी पलूसपर्यंत शर्यत लावली. कोपऱ्यावरच विकासच्या पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला. तो पलूसपर्यंत हटला नाही. पुढं ट्रॅक्टर, मग विकास, मग मी, असे तिघं एकदमच पोचलो.

"इंजिन लय ताकदीचं हाय गड्या," विकास म्हणाला.

"दिसलं की! ट्रॅक्टरचं ना?"

*

खरी अडचण स्पीडब्रेकरची. गाडीचं पोट घासायचं. म्हणून नियम ठरला. शेजारी बसलेल्यानं उतरायचं, विकासनं गाडी तिरकी पलीकडं न्यायची, मग उतरलेल्यानं चालत जाऊन परत बसायचं. सांगलीच्या बाहेर पडेपर्यंत माझा चांगला व्यायाम व्हायचा.

मध्यस्थ नवीन स्थळ घेऊन आले, की विकासचा पहिला प्रश्न, "वाटंत स्पीडब्रेकर किती?" मुलीचं शिक्षण नंतर!

*

आष्ट्याच्या स्थळाला मात्र तो न विचारताच तयार झाला. फोटोच तसा होता. पुढं लाल गाडीत विकास आणि आई, मागं माझ्या पांढऱ्या गाडीत मामा, मामी, मध्यस्थ आणि पेढे.

मुलीचं नाव शुभांगी. वडील मिलिटरीत ड्रायव्हर होते, लेकीलाही त्यांनीच गाडी शिकवलेली. पोहे झाल्यावर मामा म्हणाले, "पोरी, तुला काय इचारायचं आसलं तर इचार."

"सीटा दोनच हायत," ती म्हणाली. "लग्नानंतर आई कुठं बसणार?"

विकासच्या आधी आईच पुढं झाली. "तू बस बाई तितं. मला वर काढायला दोन गडी लागत्यात."

ठरलं! विकासचे डोळे भरून आले. खरं सांगतो, मलाही फार बरं वाटलं. हे सगळं गाडीमुळं झालं असं तो अजून सांगतो.

*

लग्न आष्ट्यातच झालं. निघताना शुभांगी शालू सावरत म्हणाली, "मी चालवते." सासरेबुवा मिशीत हसले. विकास फेटा सांभाळत शेजारच्या सीटवर बसला. मागं पांढऱ्या गाडीत मी, शेजारी आई, मागच्या सीटवर मामा-मामी.

पहिला स्पीडब्रेकर आला. नियमाप्रमाणं विकास खाली उतरला आणि हातवारे करत ओरडायला लागला, "तिरकी घे, तिरकी!"

शुभांगीनं गाडी तिरकी घेतली. एकेक चाक अलगद पलीकडं नेलं, कुठं काही घासलं नाही. आणि ती तशीच निघून गेली.

विकासचे हात अजून वरच. लाल गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मग तो आमच्याकडं आला आणि त्यानं माझ्या शेजारचं दार उघडलं.

आई जागची हलली नाही.

"मागं बस," ती म्हणाली. "ही सीट माझी हाय."