तोफगोळ्याचा हेवा

परवा खिडकीची ग्रिल घासताना हाताला गंजाचा वास लागला आणि मिरा रोडच्या शाळेतला सातवीचा वर्ग आठवला. इतिहासाच्या तासाला माझ्या मैत्रिणीचे, सुमनचे वडील कोळीवाड्यातून गंजलेला तोफेचा गोळा घेऊन आले होते. फार पूर्वी कुणीतरी साहेबाचं गलबत लुटलं, त्याची शिक्षा म्हणून इंग्रजांच्या लढाऊ जहाजानं समुद्रातून तोफा डागून सुमनच्या पूर्वजांचं अख्खं गाव पेटवलं होतं; हा गोळा तेव्हाचा.

सगळा वर्ग सुमनभोवती जमला. मी हेव्यानं जळून गेले.

"खोटंय! भंगारातून आणलाय," मी ओरडले.

सुमनचे वडील रागावले नाहीत. त्यांनी गोळा माझ्या हातात ठेवला. "धर बाय. यानं माझ्या पणज्याचे दोन भाऊ गेले. मिरवायला न्हाय ठेवला."

सुमन रडत होती. मला मात्र तो गोळा आपला असावा असंच वाटत राहिलं. आज त्याची लाज वाटते.

आम्ही मराठवाड्यातून आलेले बौद्ध. गावाचा विषय घरात निघतच नसे. त्या संध्याकाळी मी बाबांना विचारलं, "आपलं घर कधी कुणी जाळलं होतं का?"



"हो," बाबा म्हणाले. "पण इंग्रजांनी नाही. आपल्याच गावानं."