फोन ठेवा, आमी लावतो

कोरोना सरला, पण आमच्या दवाखान्यातला एक पासवर्ड काही सरेना. टाळेबंदीत घरून काम करता यावं म्हणून तो सगळ्यांना वाटला होता, प्रसादासारखा. नंतर बदलायचं कुणाच्या मनातच आलं नाही. हिंगोलीतल्या ह्या दवाखान्यात कॉम्प्युटरचं सगळं बघायला मी लागले आणि हे कळलं तेव्हा डोक्यात तिडीकच गेली. पेशंटचे रिपोर्ट म्हणजे काय गावजेवण आहे?

पासवर्ड बदलला, प्रत्येकाला वेगळा दिला. मग डॉक्टरसाहेब म्हणाले, एकदा माणसंही तपासून बघा. माझ्या मैत्रिणीनं पेशंटची बहीण होऊन काउंटरवर फोन लावले: पुण्यात अडकलेय, भावाचा रिपोर्ट बघायचाय, पासवर्ड सांगा. पोरींनी फोन आपटला. पेशंट दाखल करून घेणाऱ्या काकांनी मात्र एकेक अक्षर सांगितलं, वर विचारलं, "जेवलीस का माय?"

काय बाई माणूस हा! मला हसावं की रडावं कळेना. साहेब मात्र हसले नाहीत. "पुन्हा असं झालं तर काकांना घरी बसवा," म्हणाले.

तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरेना. काकांना मी नोकरीच्या आधी नुसत्या आवाजावरून ओळखत होते. कोरोनात बाबा ह्याच दवाखान्यात होते आणि मी गावी, हट्ट्याला, घरात कोंडलेली. आत कुणाला सोडत नव्हते. मी फोन करायचे, रडायचे, आणि काका वॉर्डात विचारून सांगायचे, "दोन घास खाल्ले बरं का त्यांनी." तू कोण, कुठली, कधी विचारलं नाही. बाबा घरी आले नाहीत. पण त्या दोन घासांवर मी ते दिवस काढले. नोकरीला लागले त्याच दिवशी काकांना सांगितलं होतं, ती फोनवर रडणारी मीच.

म्हणून काकांना समोर घेऊन बसले. नियम एवढाच: फोनवर कुणी काही विचारलं की "फोन ठेवा, आमी लावतो" म्हणायचं. मग दाखल करताना लिहून घेतलेल्या नंबरावर आपण फोन करायचा आणि तिथं उचलेल त्यालाच सांगायचं. पासवर्ड तर देव आला तरी नाही.

"रडणाऱ्या माणसाचा फोन ठिवू? काहून?" काका चिडले.

"नोकरी जाईल म्हणून!" माझाही आवाज चढला.

"मंग त्या वक्ताला तुमचा बी ठिवायला पाह्यजे होता."

"हो, ठेवायलाच पाहिजे होता!" मी ठसक्यात म्हणाले, आणि मग आठवलं. बाबांच्या कागदावर नंबर बाबांचाच होता. त्यांचा मोबाइल उशाशी बंद पडलेला. काकांनी माझा नियम पाळला असता, तर बंद मोबाइलला फोन लावत बसले असते आणि मला एक शब्द कळला नसता. हे काकांना सांगता सांगता मला रडू फुटलं, काउंटरवरच, लोकांदेखत. काकांनी पाणी आणून दिलं.

नियम मी सोडला नाही. साहेबांनी पुन्हा तपासलं तेव्हा काकांनी फोन ठेवला, आणि समोरचा चहा न पिता तसेच बसून राहिले. नोकरी वाचली.

दुसऱ्या दिवशी कनेरगाव नाक्याकडचे एक मामा दाखल व्हायला आले. काकांनी नंबर विचारला. मामा खिशातला मोबाइल चाचपायला लागले तसे काका खेकसले, "तुमचा न्हाई हो! घरी तुमच्यासाठी जो रडंल, त्याचा सांगा."